पात्र, नट आणि दृष्टी : स्वमग्नता व स्वतंत्र चित्रपट

‘ऑटिझम’ या शब्दाला मराठीने ‘स्वमग्नता’ असा प्रतिशब्द दिला आणि तो रूढही झाला. मूळ शब्द स्विस मानसचिकित्सक ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीकमधील स्ववाचक शब्दापासून घडविला होता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा तो एका स्वतंत्र अवस्थेला लागू झाला. मराठी प्रतिशब्द मूळ शब्दाशी इमान राखणारा आहे, आणि त्याची अडचण नेमकी तेथेच सुरू होते. पाण्याच्या धारेखाली बोटे धरून तासभर उभे राहणारे मूल स्वतःत मग्न असते की पाण्यात, हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच या शब्दाने त्याचा निकाल देऊन टाकलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला ज्याच्या मनाचा थांग लागत नाही, तो आपल्यातच बुडालेला आहे, असे पाहणाऱ्याने ठरविले. शब्दाच्या पोटात पाहणाऱ्याची जागा अशी आधीच निश्चित झालेली आहे.

पाहणाऱ्याची जागा कोणती, हा प्रश्न ज्या कलेच्या मुळाशीच असतो ती कला म्हणजे चित्रपट. म्हणून स्वमग्न व्यक्तींच्या चित्रणाचा विचार करताना चित्रपटाकडे केवळ एक प्रचारसाधन किंवा केवळ एक आरसा म्हणून पाहणे अपुरे पडते. हा प्रश्न आजवर साधारणपणे तीन पायऱ्यांनी विचारला गेला आहे. पहिली पायरी पात्राची : पडद्यावर स्वमग्न माणूस कसा दाखविला आहे? दुसरी नटाची : ती भूमिका करतो कोण? आणि तिसरी दृष्टीची : चित्रपट जे पाहतो ते कोणाच्या पाहण्याच्या रीतीने पाहतो? पहिल्या दोन प्रश्नांना सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. परंतु चित्रपटाच्या भाषेला खरा हादरा बसतो तो तिसऱ्या प्रश्नाने, आणि तो विचारण्याचे धैर्य मुख्यतः मोठ्या भांडवलाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या स्वतंत्र चित्रपटाने दाखविले आहे.

१

पात्राच्या पायरीवरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘रेन मॅन’ हा १९८८ सालचा अमेरिकन चित्रपट. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ४ ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि डस्टिन हॉफमन यांनी उभा केलेला रेमंड हा जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात स्वमग्नतेचा नमुनाच होऊन बसला. पटकथाकार बॅरी मॉरो यांना या पात्राची प्रेरणा किम पीक या असामान्य स्मरणशक्तीच्या गृहस्थांपासून मिळाली होती. पीक यांची अवस्था स्वमग्नतेची नसून निराळीच होती, असे मत पुढे तज्ज्ञांकडून मांडले गेले. ज्याच्यावरून असंख्य लोकांनी स्वमग्नता ओळखावयास शिकले, त्या पात्राचा मूळ पुरुषच कदाचित स्वमग्न नव्हता, हा योगायोग बोलका आहे.

तथापि ‘रेन मॅन’ची मर्यादा तपशिलातील या चुकीत नाही. हॉफमन यांनी निरीक्षण कसून केले होते आणि त्यांचा अभिनय वरवरचा नाही. मर्यादा आहे ती रचनेत. कथा ज्याची आहे तो चार्ली, म्हणजे धाकटा भाऊ. बदलतो तो चार्ली. स्वार्थाकडून स्नेहाकडे प्रवास करतो तो चार्ली. रेमंड आरंभी जसा असतो तसाच शेवटी आपल्या संस्थेत परत जातो. त्याचे अस्तित्व दुसऱ्याच्या हृदयपरिवर्तनाचे निमित्त म्हणून योजिलेले आहे, आणि कॅमेरा त्याच्याकडे पाहतो तो चार्लीच्या शेजारी बसून, कधी वैतागाने, कधी कौतुकाने, परंतु नेहमी बाहेरून.

भारतीय लोकप्रिय चित्रपटानेही या पायरीवर काही उल्लेखनीय कामगिरी केली आहे. करण जोहर यांच्या ‘माय नेम इज खान’ (२०१०) मध्ये अ‍ॅस्पर्गर अवस्थेचा नायक कथेच्या केंद्रस्थानी आला आणि अनुराग बसू यांच्या ‘बर्फी!’ (२०१२) मध्ये झिलमिल या स्वमग्न तरुणीला प्रेमकथेची नायिका होण्याचा मान मिळाला. दोन्ही भूमिका नामवंत तारकांनी केल्या. मात्र त्या पात्रांचे निरागसपण हा दोन्ही चित्रपटांचा मुख्य भावनिक आधार आहे. ज्याला कपट ठाऊक नाही अशा व्यक्तीपुढे जगाचे कपट उघडे पडावे, ही योजना भारतीय कथापरंपरेत जुनीच आहे. येथे तिला वैद्यकीय नाव मिळाले, एवढेच. निरागसतेचे असे देवत्व लाभले म्हणजे माणूस पूज्य होतो, पण माणूस म्हणून समजून घेण्याची आवश्यकता उरत नाही.

२

हे वारंवार का घडते, याचे उत्तर पटकथाकारांच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा चित्रपटाच्या व्याकरणात शोधले पाहिजे. कथाचित्रपटाची प्रचलित भाषा मानवी चेहऱ्याभोवती आणि विशेषतः डोळ्यांभोवती उभी आहे. समीपदृश्य, म्हणजे ज्याला चित्रपटसृष्टीत ‘क्लोजअप’ म्हणतात ते, चेहरा हे मनाचे दार आहे असे गृहीत धरते. एक पात्र कोठे तरी पाहते, पुढच्या चौकटीत त्याने पाहिलेली वस्तू येते, आणि या दोन चौकटींच्या सांध्यात प्रेक्षक त्याचे मन वाचतो. संभाषणाच्या प्रसंगी कॅमेरा आळीपाळीने दोघांच्या चेहऱ्यांवर जातो, तेव्हा नजरेला नजर भिडणे हीच संवादाची खूण मानलेली असते.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला ही भूमिका अपरिचित नाही. भरताच्या सिद्धान्तात भाव प्रत्यक्ष दिसत नाही. तो अनुभावांच्या द्वारे प्रतीत होतो. कटाक्ष, भ्रूभंग, आणि स्तंभ, स्वेद, रोमांच आदी ८ सात्त्विक भाव ही अंतःकरणाची दृश्य लिपी होय. सहृदय प्रेक्षकाला ती लिपी वाचता येते, या विश्वासावर रसप्रक्रियेची सारी इमारत उभी आहे. आता ज्या व्यक्तीच्या आनंदाचा अनुभाव स्मित नसून हातांची वेगवान फडफड आहे, जिचे लक्ष सर्वाधिक एकाग्र असते तेव्हाच जिची नजर बोलणाऱ्यापासून दूर वळते, तिच्या बाबतीत या लिपीचे काय होणार? भाव तेथे आहेच. परंतु अनुभाव आणि भाव यांचा रूढ सांधा निखळलेला आहे. अशा वेळी सहृदयाला वाटते की समोर भावच नाही. रसभंगाचा दोष मग पात्राच्या माथी मारला जातो, वाचणाऱ्याच्या लिपीज्ञानाची परीक्षा कोणी घेत नाही.

वस्तुतः या बाबतीत परीक्षा घेतली गेली ती स्वमग्न प्रेक्षकाचीच, आणि तीही चित्रपटाच्या साहाय्याने. अमेरिकेतील येल विद्यापीठात अ‍ॅमी क्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. माइक निकल्स यांच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ (१९६६) या चित्रपटातील काही प्रसंग १५ स्वमग्न आणि १५ इतर प्रेक्षकांना दाखवून त्यांची नजर पडद्यावर कोठे कोठे जाते, याचा यंत्राने माग काढण्यात आला. इतरांची दृष्टी पात्रांच्या डोळ्यांवर खिळून राहिली. स्वमग्न प्रेक्षकांनी डोळ्यांकडे पाहण्यात जवळजवळ निम्माच वेळ घालविला. त्यांची दृष्टी ओठांवर, शरीरांवर आणि खोलीतील वस्तूंवर अधिक रेंगाळली.

वैद्यकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष सामाजिक आकलनातील अडचणीचा पुरावा ठरला, आणि त्या क्षेत्रात त्याचे मोल आहेच. परंतु चित्रपटसमीक्षकाने त्याच निष्कर्षाकडे थोड्या निराळ्या रीतीने पाहावयास हवे. पडद्यावरची प्रत्येक चौकट चेहऱ्याबरोबरच भिंत, दिवा, पडदा आणि पेला यांचीही बनलेली असते. कॅमेऱ्याने ते सारे सारख्याच निष्ठेने टिपलेले असते. त्यांतील बहुतेक गोष्टी ‘पार्श्वभूमी’ आहेत, हे प्रेक्षकाने शिकून घेतलेले असते. हे शिक्षण न घेतलेला, किंवा घेऊनही त्याला न जुमानणारा एक प्रेक्षक चित्रपटगृहात नेहमीच बसलेला होता. त्याचे पाहणे चौकटीतील वस्तूंच्या बाबतीत अधिक लोकशाही वृत्तीचे होते. हा प्रेक्षक उद्या कॅमेऱ्यामागे उभा राहिला तर कोणता चित्रपट निर्माण होईल, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेत उपस्थित होण्याचे कारण नव्हते. तो कलेच्या क्षेत्रातच उपस्थित व्हावयाचा होता.

३

त्यापूर्वी दुसऱ्या पायरीचा, नटाच्या प्रश्नाचा, परामर्श घेतला पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या आपापसांतील विचारविनिमयातून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’, म्हणजे मज्जावैविध्य, ही कल्पना पुढे आली. मेंदूच्या घडणीतील भिन्नता ही मानवजातीच्या वैविध्याचाच भाग होय, ती केवळ व्याधी म्हणून पाहिली जाऊ नये, हे या कल्पनेचे सार. साहजिकच, स्वमग्न पात्रे नेहमी इतरांनीच का रंगवावीत, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. गायिका सिया यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘म्यूझिक’ (२०२१) या चित्रपटावर झालेली कठोर टीका या दृष्टीने लक्षणीय आहे. स्वमग्न मुलीची भूमिका स्वमग्न नसलेल्या नर्तकीला दिल्याबद्दल ती टीका होतीच; परंतु अस्वस्थ झालेल्या मुलीला अंगाखाली दाबून धरण्याची घातक रीत त्यात मायेची कृती म्हणून दाखविली होती, हा आक्षेप अधिक गंभीर होता.

याच्या उलट टोकाला रेचल इस्रायल यांचा ‘कीप द चेंज’ हा २०१७ सालचा स्वतंत्र अमेरिकन चित्रपट उभा आहे. न्यूयॉर्कमधील स्वमग्न प्रौढांच्या एका गटात भेटलेल्या डेव्हिड आणि सेरा यांची ही प्रेमकथा. ब्रँडन पोलान्स्की आणि सॅमँथा एलिसोफोन हे मुख्य नट स्वतः स्वमग्न आहेत आणि डेव्हिडचे पात्र पोलान्स्की यांच्याशी असलेल्या दिग्दर्शिकेच्या जुन्या परिचयातून घडले आहे. ट्रायबेका महोत्सवात त्यास सर्वोत्कृष्ट अमेरिकन कथाचित्रपटाचे पारितोषिक मिळाले. या चित्रपटाने एक फार महत्त्वाची गोष्ट साधली : त्यातील स्वमग्न माणसे निरागस नाहीत. डेव्हिड खोटे बोलतो, स्वतःच्या गटातील लोकांची त्याला लाज वाटते, तो चारचौघांसारखा दिसण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीत प्रिय व्यक्तीला दुखावतो. दोष असण्याचा अधिकार हा पात्राला मिळणारा सर्वांत मोठा सन्मान होय, आणि तो येथे मिळाला आहे.

तरीही ‘कीप द चेंज’चा साचा प्रणयप्रधान सुखात्मिकेचा परिचित साचाच आहे. भेट, आकर्षण, गैरसमज, विरह, समेट हा क्रम तोच. समीपदृश्यांची आणि नजरांची भाषा तीच. नट बदलला, पण कॅमेऱ्याची सवय बदलली नाही. हे त्या चित्रपटाचे वैगुण्य म्हणून सांगावयाचे नाही, कारण त्याची प्रतिज्ञा तेवढीच होती आणि ती त्याने उत्तम रीतीने पार पाडली. मात्र दुसरी पायरी कोठे संपते, हे त्यावरून स्पष्ट होते.

४

तिसऱ्या पायरीचा आरंभ एका अगदी छोट्या कृतीने झाला. मेल बॅग्ज या स्वमग्न लेखक-कार्यकर्त्या व्यक्तीने २००७ साली ‘इन माय लँग्वेज’ नावाची सुमारे साडेआठ मिनिटांची चित्रफीत तयार करून लोकांपुढे ठेवली. तिला निर्माता नव्हता, छायालेखक नव्हता, वितरक तर नव्हताच. पहिल्या भागात एक व्यक्ती खिडकीपाशी डुलते, हात हलविते, वस्तूंवरून बोटे घासून ध्वनी काढते, पुस्तकाला चेहरा लावते, नळाच्या धारेत बोटे खेळविते. या सर्वांवर एक अखंड गुणगुण पसरलेली असते. मग पडद्यावर ‘भाषांतर’ अशा अर्थाचे शीर्षक येते आणि यंत्रातून उमटणारा आवाज प्रेक्षकाशी इंग्रजीत बोलू लागतो. बॅग्ज यांचे म्हणणे असे की, आधी जे दिसले तीच त्यांची मातृभाषा. ती दुसऱ्याने अर्थ लावावा अशा चिन्हांची बनलेली नसून परिसरातील प्रत्येक वस्तूशी चाललेल्या सततच्या संभाषणाची बनलेली आहे. पाण्याचे ते दृश्य कशाचेही प्रतीक नाही, हेही त्या आवाजात निक्षून सांगितले जाते.

हे विधान साहित्यसमीक्षेनेही कान देऊन ऐकावे असे आहे. प्रतिमेच्या मागे काही तरी दडलेले असते आणि ते उकलणे हे रसिकाचे काम, अशी धारणा समीक्षेत खोल रुजलेली आहे. बॅग्ज यांची चित्रफीत या धारणेलाच नकार देते. पाणी हे पाणीच. त्याचा स्पर्श, त्याचा चकाकता वेग, त्याचा आवाज हाच आशय. शिवाय भाषांतराची योजनाही उपरोधाने भरलेली आहे. बहुसंख्यांच्या भाषेत बोलू लागताच त्या व्यक्तीला ‘विचार करणारी’ म्हणून मान्यता मिळते. आधीची तीन मिनिटे मात्र त्याच प्रेक्षकाने लक्षण म्हणून पाहिलेली असतात. दोन्ही भागांत व्यक्ती तीच आहे. दोन्ही भागांत काय बदलले, याचा हिशेब प्रेक्षकाला स्वतःपाशीच मांडावा लागतो. बॅग्ज यांचे २०२० साली निधन झाले. परंतु इतक्या अल्प साधनांनी इतका मूलगामी प्रश्न उपस्थित करणारी कृती विरळा.

या दिशेने पूर्ण लांबीच्या चित्रपटापर्यंत जाऊन पोहोचलेला प्रयत्न म्हणजे ‘द स्टिमिंग पूल’. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील स्वमग्नता आणि चित्रपट यांविषयीच्या एका संशोधनप्रकल्पातून तो निर्माण झाला. दिग्दर्शक स्टीव्हन ईस्टवुड यांच्यासमवेत ‘न्यूरोकल्चर्स कलेक्टिव्ह’ या स्वमग्न कलावंतांच्या मंडळातील सॅम चाउन-अहर्न, जॉर्जिया ब्रॅडबर्न, बेंजामिन ब्राउन, रॉबिन एलियट-नोल्स आणि लूसी वॉकर यांनी त्याचे दिग्दर्शन केले. कोपनहेगनच्या अनुबोधपटमहोत्सवात २०२४ साली तो प्रथम दाखविला गेला. वेलकम ट्रस्टच्या साहाय्यामुळे तिकीटविक्रीची चिंता निर्मितीच्या मानेवर बसलेली नव्हती, ही गोष्ट दुय्यम समजू नये. सामूहिक निर्णय, विसावा, पुनर्विचार यांना वेळ लागतो, आणि व्यावसायिक चित्रीकरणाच्या वेळापत्रकात नेमका वेळच नसतो.

‘स्टिमिंग’ म्हणजे डुलणे, हात फडफडविणे, गुणगुणणे, एखादी वस्तू फिरवीत राहणे अशा स्वतःला उद्दीपित करणाऱ्या, पुनःपुन्हा होणाऱ्या हालचाली. उपचारपद्धतींनी दीर्घकाळ त्या थांबविण्याचा प्रयत्न केला. स्वमग्न व्यक्ती सांगतात की त्यांच्यामुळे मन ताळ्यावर राहते, आणि त्यांत सुखही असते. चित्रपटाला सलग अशी कथा नाही. एका व्यक्तीच्या मागे जाणारा कॅमेरा मध्येच दुसरीकडे ओढला जातो, तिसऱ्यापाशी थबकतो. दुय्यम दर्जाच्या भयपटांचा एक शौकीन आपल्या आवडीविषयी बोलतो. अर्धा मनुष्य आणि अर्धा कुत्रा असे एक रूप अधूनमधून वावरते. आणि अखेर वापरात नसलेल्या एका जलतरण तलावात माणसे जमतात, जेथे कोणाच्याही नजरेची भीती न बाळगता शरीराला हवे तसे हलू देता येते. या चित्रपटात नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राची चाचणीही आहे. येलच्या प्रयोगात जे निदानाचे साधन होते, ते येथे चित्रपटाच्या रचनेचे तत्त्व बनले आहे. चाचणीतील स्त्रीची दृष्टी जशी चित्रभर हिंडते तसाच हा चित्रपट हिंडतो, आणि जो भटकेपणा वैद्यकाने दोष म्हणून नोंदविला तोच येथे संकलनाची लय होतो.

या लयीचा परिणाम सर्वत्र सारखा साधला आहे, असे नव्हे. काही खंड एकमेकांशी पुरेसे बोलत नाहीत, आणि पाच कलावंतांच्या पाच आवडी शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या वाटतात. परंतु तलावाच्या दृश्यात काही वेगळेच घडते. तेथे कॅमेरा कोणाचेही मन ‘वाचण्याचा’ यत्न करीत नाही. हालचालींचे आवर्तन, रिकाम्या वास्तूतील प्रतिध्वनी आणि अंतरे यांनीच दृश्य भरून जाते. प्रेक्षकाला त्या माणसांची कीव येत नाही, कौतुकही वाटत नाही. तो केवळ त्यांच्या सहवासात असतो. चेहऱ्याच्या मध्यस्थीवाचून असा सहवास निर्माण करणे कथाचित्रपटाला क्वचितच साधले आहे.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समानुभूतीचा अभाव एकट्या स्वमग्न व्यक्तीत नसतो. भिन्न रीतीने जग अनुभवणाऱ्या दोन माणसांच्या मधोमध तो असतो, आणि दोघांनाही दुसऱ्याचे मन उमगत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘रेन मॅन’ची भाषा या दरीचा दोष एका काठावर टाकते. ‘द स्टिमिंग पूल’ प्रेक्षकाला दुसऱ्या काठावर नेऊन सोडतो, आणि न समजण्याची पाळी प्रथमच त्याच्यावर येते. सहृदय हा जन्मतः सहृदय नसतो, काव्याच्या परिशीलनाने त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ होतो, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. त्या परिशीलनाची कक्षा वाढविणे, एवढाच याचा अर्थ.

५

येथवर आल्यावर एका कठीण आक्षेपाला सामोरे जावे लागते. ज्यांना सामूहिक चर्चेत भाग घेता येतो, जे आपली कल्पना शब्दांत मांडू शकतात, अशाच स्वमग्न व्यक्ती चित्रपट करतील. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो, त्यांचे काय? दृष्टीचा अधिकार बोलक्या स्वमग्नांपुरता राहिला, तर जुन्या बहिष्काराच्या जागी एक नवा, अधिक सूक्ष्म बहिष्कार येईल.

जेरी रॉथवेल यांच्या ‘द रीझन आय जंप’ (२०२०) या अनुबोधपटाने या प्रश्नाला हात घातला आहे. नाओकी हिगाशिदा यांनी किशोरवयात लिहिलेल्या आणि २००७ साली जपानीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. भारत, इंग्लंड, अमेरिका आणि सिएरा लिओन येथील, फारसे किंवा मुळीच न बोलणाऱ्या तरुणांचे जीवन त्यात दिसते. त्यांतील भारतीय तरुणी अमृत खुराणा ही चित्रकार आहे, आणि तिची चित्रे हेच तिचे निवेदन आहे. पंख्याचे पाते, पाण्याचे थेंब, प्रकाशाची तिरीप यांना हा चित्रपट इतक्या जवळून आणि अशा ध्वनियोजनेने सादर करतो की, तपशील आधी आणि समग्र वस्तू नंतर, असा अनुभवाचा क्रम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडू लागतो. तरीही एक शंका राहते. अक्षरफलकावर बोट ठेवून, आधार देणाऱ्याच्या उपस्थितीत प्रकट होणारे शब्द नक्की कोणाचे, याविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ साली अशा पद्धतींविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. चित्रपट या वादाला जवळजवळ स्पर्श करीत नाही. त्याच्या प्रतिमा त्याच्या शब्दांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात, त्या यामुळेच.

शब्दांवर विसंबून न राहणारा मार्ग यापूर्वीच एकाने चोखाळला होता. फर्नां देलिन्यी (१९१३–१९९६) या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन या डोंगराळ प्रदेशात न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसमवेत वस्ती केली. तेथे उपचार नव्हते. भाकरी भाजणे, पाणी आणणे, शेळ्या राखणे अशा रोजच्या कामांत मुले साध्या, अप्रशिक्षित माणसांबरोबर राहत. मुले कोठून कोठे फिरतात याच्या रेषा हे सोबती कागदावर काढीत; त्या रेषांचा अर्थ लावावयाचा नाही, असा दंडक होता. ज्या ठिकाणी अनेक मुलांच्या वाटा पुनःपुन्हा एकत्र येत, त्या ठिकाणी विशेष काही असले पाहिजे, एवढीच नोंद होई. कॅमेऱ्याविषयी देलिन्यी यांची दृष्टी अशीच होती. ‘चित्रपट करणे’ या क्रियापदात तयार वस्तूची घाई आहे, म्हणून ते कॅमेऱ्यावरूनच बनविलेले एक निराळे क्रियापद वापरीत, ज्यात साधन हाताळण्याच्या प्रक्रियेला महत्त्व आहे. त्यांच्या वस्तीवर रनो व्हिक्टर यांनी केलेला ‘स गामँ, ला’ हा चित्रपट १९७५ च्या सुमारास पुरा झाला. फ्रांस्वा त्र्युफो यांनी त्याच्या निर्मितीस साहाय्य केले. त्याच त्र्युफो यांचा ‘लांफां सोव्हाज’ (१९७०) रानात सापडलेल्या मुलाला भाषा शिकविण्याची कथा सांगतो, तर व्हिक्टर यांचा चित्रपट भाषेवाचूनच्या मुलाजवळ थांबून राहतो. दोहोंमधील हे अंतर दोन संस्कृतींमधील अंतराएवढे आहे.

देलिन्यी यांच्या कार्यातून आक्षेपाचे निदान अर्धे उत्तर मिळते. कॅमेरा धरणारा स्वमग्न असलाच पाहिजे, असा नियम केल्यास अनेकांना पडद्यावर जागाच उरणार नाही. परंतु धरणाऱ्याने अर्थ लादण्याची घाई सोडली, दुसऱ्याच्या वाटेने चालण्याची तयारी दाखविली आणि तेथे जे आढळले त्याप्रमाणे आपली रचना बदलू दिली, तर दृष्टीचे काही अंशी हस्तांतर होऊ शकते. अर्धे उत्तर म्हणावयाचे ते यासाठी की, अशा चित्रपटाविषयी संमती किंवा नाराजी व्यक्त करण्याचे साधन त्या मुलांपाशी नव्हते, ही गोष्ट कोणत्याही सद्‌हेतूने पुसून निघत नाही.

६

समीक्षेपुढचा खरा पेच यातून स्पष्ट होतो. स्वमग्न चित्रपटाची कसोटी काय मानावयाची? निर्मात्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र ही कसोटी सोयीची आहे, पण ती कलेची कसोटी नव्हे. या ठिकाणी मराठी समीक्षेतील एक जुनी संकल्पना उपयोगी पडण्याजोगी आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये ‘लेखनगर्भ आत्मनिष्ठा’ असा शब्दप्रयोग केला. लेखकाची आत्मनिष्ठा त्याच्या चरित्रात शोधावयाची नाही. ती लेखनाच्या गर्भातच सिद्ध झाली पाहिजे, हा त्याचा रोख. चित्रपटालाही हीच कसोटी लावता येईल. दिग्दर्शक स्वमग्न असूनही त्याचा चित्रपट उसन्या साच्यातला असू शकतो. आणि दिग्दर्शक तसा नसतानाही, स्वमग्न सहकाऱ्यांच्या अनुभवाने त्याची चौकट, त्याचा ध्वनी, त्याचे संकलन अंतर्बाह्य बदललेले असू शकते. निष्ठा कृतीच्या गर्भात आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

मात्र या कसोटीचा आडोसा घेऊन संधीचा प्रश्न टाळता येणार नाही. जो अनुभव कधीही कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू दिला नाही, तो कृतीच्या गर्भात कोठून येणार? भारतात २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने स्वमग्नतेला स्पष्टपणे मान्यता दिली. ‘आँख मिचोली’ या चित्रपटाविषयीच्या निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. ठरीव साच्यांचे चित्रण टाळावे आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांना निर्मितीच्या प्रक्रियेत सहभागी करून घ्यावे, यांवर त्यांत भर आहे. ‘सितारे जमीन पर’ (२०२५) मध्ये मज्जावैविध्य असलेले १० नवे नट एकत्र दिसले, म्हणजे लोकप्रिय हिंदी चित्रपट दुसऱ्या पायरीवर येऊन ठेपला. पुढची पायरी न्यायालयाच्या आदेशाने किंवा नटांच्या संख्येने चढता येणारी नाही. तिच्यासाठी चित्रपटशिक्षण देणाऱ्या संस्थांची दारे, अनुदानांचे नियम आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक बदलावे लागेल. आणि त्याहूनही अवघड असे समीक्षकाच्या पाहण्याच्या सवयीचे वळण बदलावे लागेल.

कारण चौकटीच्या कडेला असलेल्या दिव्याकडे पाहत राहणारा प्रेक्षक काही तरी चुकवीत असतो हे खरे. तसेच त्या दिव्याकडे कधीच न पाहणाराही काही तरी चुकवीतच असतो. चित्रपटाच्या भाषेत आजवर फक्त पहिल्या चुकीला नाव मिळाले होते. दुसरीला नाव देण्याचे काम आता सुरू झाले आहे.